दोरीचं टोक

दीनानाथांनी पोहण्याच्या तलावाची लोखंडी शिडी पान्याने ठणठण वाजवली. देवयानी वर आली. काळा कागद चिकटवलेला मास्क कपाळावर सरकवून तिने वडिलांकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"नापास?"

"दोरी सोडलीस."

"बाबा, सिलिंडरच्या नॉबला अडकली होती! सोडवायला दोन्ही हात लागले. आणि हा गुडगावचा स्विमिंग पूल आहे यार, बुडालेलं जहाज नाही."

"जहाजात गाळ उठला की असाच अंधार होतो. दोरी सुटली की दार सापडत नाही. एका हाताने सोडव, नाहीतर जोडीदाराला खुणव."

"परवा त्या जहाजाच्या डाइव्हसाठी माझी फ्लाइट आहे!"

"मग कॅन्सल कर."

तिच्यासोबत पाण्यात उतरलेला तरुण प्रशिक्षक निहार गुपचूप तिच्या हवेचा काटा बघत राहिला. बापलेकीच्या मध्ये कोण पडणार?

दीनानाथ नौदलात पाणबुडे होते. पुढे दिल्लीत सरकारी नोकरी धरली, समुद्र सुटला. मग कानाने दगा दिला आणि डॉक्टरांनी पाण्याखाली जायलाच बंदी केली. शिकवायची खोड मात्र गेली नाही. नेताजी नगरच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी ते स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत पांढरी दोरी लावायचे, खुर्च्यांच्या पायांना वेढे देत. डोळ्यांवर ओढणी बांधलेली चिमुरडी देवयानी दोरी धरून रांगत निघायची. "हात सुटला तर पोहे नाहीत हं!" असं ओरडून तिची आई कल्पना दोरीचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधून बाल्कनीत बसायची. पोर टोकाला पोचली की तिच्या हाती आईचा हात लागायचा. ते क्वार्टर आता पाडलं. कल्पनाही गेली. त्या रविवारांसाठी दीनानाथांचा जीव अजून तुटायचा.

"चलो, अजून एकदा," ते म्हणाले.

निहारने पाण्यातल्या लोखंडी चौकटींमधून दोरी पुन्हा फिरवली. या वेळी तिचं टोक दीनानाथांनी शिडीला बांधलं नाही. स्वतःच्या मनगटाला गाठ मारली, काठावर पालथे पडले आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात सोडला. ऑक्टोबर संपत आला होता, पाणी चांगलंच गार होतं.

दोरी हलत होती. मध्येच ती ताणली गेली आणि तशीच राहिली. पुन्हा अडकली वाटतं. "सोडू नकोस गं राणी," ते पुटपुटले. एक हिसका बसला, दोरी सैल झाली, आणि जरा वेळाने ओली बोटं चाचपडत त्यांच्या तळव्याशी आली. मनगटावरच्या गाठीपाशी थांबली. मग तिने त्यांचा हात घट्ट धरला.

निहारने डोकं वर काढलं. "सर, पास ना?"

दीनानाथांनी होकारार्थी मान डोलावली. हात गारठून बधिर झाला होता. पण खाली देवयानीने तो अजून सोडला नव्हता.