पाचशे तुकड्यांचा एकच साचा

पाचशे तुकड्यांची चित्रकोडी कोणीतरी बसून कात्रीने कापत असेल, असा माझा ताईच्या लग्नापर्यंत समज होता. मग भावोजी आले आणि त्यांनी तो पहिल्याच जेवणात दूर केला. ताटातलं सगळं गार होईपर्यंत दूर केला. प्लायवुडच्या फळीत बारीक खाचा पाडायच्या, धारदार पोलादी पाती हाताने वळवून त्या खाचांत ठोकायची, की झाला साचा. तो प्रेसमध्ये लावून चित्र डकवलेला पुठ्ठा दाबला, की एका दणक्यात पाचशे तुकडे. गावातल्या कारखान्यात भावोजींनी एकतीस वर्षं हेच केलं.

पाती बोथट झाली की नवी येत, पण त्याच रेषांवर, त्याच वळणाने. त्यामुळे कारखान्याने चित्रं शेकडो काढली, साचा मात्र एकच. मांजरी असोत, धबधबा असो की विमानतळ, तुकड्यांचे आकार तेच. भावोजींना याचा कोण अभिमान! "चित्रं काय, येतात नि जातात," ते म्हणत.

निवृत्त झाल्यावर ते छंद मंडळाचे अध्यक्ष झाले. दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत चौदा माणसं तोंडं मिटून कोडी लावतात, त्याला मंडळ म्हणतात. अध्यक्षांचं सांगणं एकच: आपलं घ्या. बाहेरच्या देशातलं कोडं घेऊन येणाऱ्याकडे ते असे बघत, जणू त्याने चपला घालून अंथरुणावर पाय दिलाय. एकदा एका सभासदाने नम्रपणे विचारलं, की आपल्या साच्याचं पोलादी पातं परदेशातूनच येतं ना? भावोजी जराही डगमगले नाहीत. "पातं बाहेरचं असलं तरी वळण आपलं आहे," ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

आणि घरी ते गुपचूप परदेशी कोडी लावत.

हे तिघांनाच ठाऊक होतं: ताईला, मला आणि पार्सलवाल्याला. पार्सल ताईच्या नावावर येई. ती तुकडे आपल्या कारखान्याच्या जुन्या खोक्यात ओती आणि परदेशी खोकं फाडून रद्दीत घाली. फाडण्याआधी भावोजी त्याची मागची बाजू चष्मा लावून वाचत. चित्र एका देशातलं, पुठ्ठा दुसऱ्यातला, छपाई तिसऱ्यातली, खोक्यात भरलं चौथ्यात. "आता राग तरी नक्की कोणावर धरायचा?" असं वैतागून म्हणत आणि लावायला बसत.

मी एकदा न राहवून विचारलं, "भावोजी, मंडळात एक आणि घरात एक, हे काय?"

"घरात कोण पाहतंय," ते म्हणाले. मग हातातला तुकडा खाली ठेवून म्हणाले, "आपलं लावायला घेतलं की हात आपोआप जातो रे. तुकडा उचलायचा अवकाश, तो कुठला ते बोटांना कळतं. कोडं उरतंच कुठे त्यात?"

एका दुपारी कारखान्याचे धाकटे मालक न कळवता दारात उभे राहिले. थोरले मालक गेल्यापासून सगळं त्यांच्याच अंगावर होतं. मीही तिथेच होतो. टेबलावर देशी खोकं होतं, झाकणावर दोन मांजरी. आणि पाटावर बर्फाचा डोंगर अर्धा लागला होता.

मालकांनी झाकण पाहिलं. मग डोंगर पाहिला. मग पुन्हा झाकण.

"छपाईत थोडा फरक पडलाय," भावोजी म्हणाले.

ताई जी स्वयंपाकघरात गेली ती चहा होईपर्यंत बाहेर आली नाही. आत भांड्यांचा आवाज नव्हता, त्यामुळे ती हसते आहे हे मला कळलं.

मालक बिचारे भले गृहस्थ. ते बर्फाविषयी एक शब्द बोलले नाहीत. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "काका, तुमच्याकडूनच कळेल म्हणून आलो. लोक बाहेरची कोडी का घेतात? मी पुठ्ठा तीनदा बदलला. चित्रं बदलली. खोकं तर असं केलं की त्यात कोडं आहे की अत्तर हे कळू नये. तरी खप उतरतोच आहे. पुढच्या महिन्यात कापणीचा विभाग बंद करतोय. तयार कोडी बाहेरून मागवायची आणि आपलं नाव लावायचं."

"आणि विभागातली माणसं?"

"अकरा जण आहेत. तुम्ही ओळखता सगळ्यांना."

 लोक बाहेरचं का घेतात याचं उत्तर भावोजींजवळ होतं, माझ्याजवळ होतं, स्वयंपाकघरातही होतं. ते तोंडातून काढायचं म्हणजे स्वतःच्या एकतीस वर्षांना नावं ठेवायची. चहा आला, संपला. ताईने कप उचलताना नवऱ्याच्या खांद्याला हळूच कोपर लावलं.

"सांगताय का मी सांगू?"

"तू गप्प बस."

"एवढी वर्षं बसलेच आहे."

भावोजी उठले. कपाटातून कारखान्याचं एक कोरं खोकं काढलं, सील फोडलं आणि सगळे तुकडे टेबलावर पालथे घातले. वर नुसत्या करड्या पाठी. चित्राचा ठिपका दिसत नव्हता. मग ते लावायला बसले.

लावता लावता ते मालकांच्या आईची तब्येत विचारत होते. हात चालूच. "हा मोडका दात, हा उजवीकडून तिसरा. हा हत्तीचा कान, हा मधल्या रांगेत." तुकड्यांना नावं होती! एक्केचाळीस मिनिटांत करडी पाटी पुरी झाली. मालक भारावून टाळ्या वाजवू लागले.

"टाळ्या कसल्या वाजवता?" भावोजी म्हणाले. "आमच्या मंडळातले निम्मे लोक असंच लावतात. थोडा जास्त वेळ घेतात, एवढंच. तुमचा पुठ्ठा चांगला आहे. चित्रंही वाईट नाहीत. साचा पाठ झालाय लोकांना. माझा साचा."

टाळ्यांचे हात मालकांनी मांडीवर ठेवले.

"मग नवा साचा करा काका. विभाग बंद करणं मी दोन महिने लांबवतो. तेवढंच जमेल मला."

त्याच आठवड्यात भावोजींनी मेणकागदावर तीन नवे साचे काढले. चौथ्या दिवशी मला बोलावलं. जुन्या साच्याच्या नकाशावर नवा कागद ठेवून उजेडासमोर धरला. रेषा ठिकठिकाणी एकमेकींवर बसल्या होत्या. दुसरा कागद ठेवला, तेच. तिसरा त्यांनी ठेवलाच नाही.

"हात दुसरीकडे वळतच नाही," ते म्हणाले. त्यांचा एवढा लहान आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मला वाटायचं, मी आकार काढतो. मला एकच आकार येत होता रे."

 ताई खिडकीशी शिवणयंत्रावर काहीतरी उसवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "सगळं स्वतःच करायचं असा कुठे नियम आहे का? त्या अकरा जणांना हात नाहीत?"

"ते प्रेस चालवतात. पाती घासतात. वळवणं वेगळं."

"शिकवा मग. एकतीस वर्षांत कोणाला शिकवलंत?"

हा प्रश्न घरात पूर्वी कोणी विचारला नव्हता. भावोजींनी चष्मा पुसला, जो स्वच्छच होता.

ठरलं ते असं: फळीचे बारा चौकोन करायचे. फक्त कडा आधी नक्की करायच्या, म्हणजे शेजारच्याशी जुळेल. आत ज्याने त्याने आपल्या मनाने काढायचं आणि वळवायचं. अकरा जणांचे अकरा. बारावा ताईला, कारण सूचना तिची होती आणि तिने तो मागितला.

सहा आठवडे भावोजी रोज कारखान्यात जाऊन ताईसकट सगळ्यांना टाकाऊ पात्यांवर वळवणं शिकवत राहिले. ओरडले, पाती मोडली, एकदा बोट कापून घेतलं. खरा साचा करायची वेळ आली तेव्हा स्वतःहून म्हणाले, "मी पाहिला तर मला पाठ होईल. मी येत नाही."

त्या दहा दिवसांत ताई सकाळी डबा घेऊन कारखान्यात जाई आणि भावोजी घरी चहा करत. चहा कसा होई ते विचारू नका. संध्याकाळी ती आली की दारातच, "ते वरच्या कडेला नीट ठोकलंय ना? पातं तिरकं नाही ना गेलं?"

"चांगलं चाललंय."

"चांगलं म्हणजे किती?"

"तुमच्याशिवाय होतंय, इतकं."

साचा वेळेत झाला. मालकांनी बाहेरून मागवायची निम्मी कोडी रद्द केली. निम्मी येणारच होती, त्यांनी ते लपवलं नाही. विभाग वर्षभर चालणार, पुढचं पुढे. मंडळात तर बंडच झालं. सात जणांनी अध्यक्षांना लेखी निवेदन दिलं, की आपलं कोडं आता परक्यासारखं वागतं, सबब जुना साचा परत आणावा. भावोजींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, फाइलला लावलं आणि विषय संपवला.

नव्या साच्याचं पहिलं खोकं घरी आलं त्या दिवशी मी गेलो, तर ते पाटावर वाकलेले. तास उलटून गेला होता. चार कडा आणि आकाशाची एक पट्टी, एवढंच लागलं होतं. ताईने दोनदा जेवायला हाक मारली.

"हा डावीकडचा चौकोन कोणाचा?" त्यांनी तुकडा बोटांत फिरवत विचारलं. "याच्या हाताला घाई आहे. आणि हा खालचा, हा माणूस भित्रा आहे, सगळी वळणं लहान लहान. पण या आकाशातला मधला बघ. हे बघ कसं वळवलंय! पातं तुटायला पाहिजे होतं इथे, तुटलं नाही. हे मला सुचलं नसतं."

"प्रेसवरच्या बाईंचा तो," ताई म्हणाली. "त्या दोन मुलांच्या आई. तुम्ही त्यांना मठ्ठ म्हणाला होतात."

भावोजींनी तो तुकडा पाटावर ठेवला. मग मला म्हणाले, "मालकांना फोन लाव." मी लावून दिला. नमस्कार वगैरे काही न करता ते बोलले, "पुढचा साचा प्रेसवरच्या बाईंकडे द्या. पुरा. बाराही चौकोन." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही, नाही," भावोजी म्हणाले, "मी तपासणार नाही. मला तो दाखवूच नका. दुकानात आला की विकत घेईन."