आपले डॉक्टर

आमच्या आत्याबाईंपुढं बोलायचं म्हंजे दगडावर डोकं आपटायचं. बायडाबाई त्यांचं नाव, माझ्या सासूबाई. आमी ऊसतोडीला देवळाली प्रवरेत हुतो, तवा माझ्या ओमला ताप चढला. धाप लागून पोट उडायला लागलं. मुकादम म्हनला, "बाजारपेठेत लेकरांचे डॉक्टर आलेत नवे. जा की."

"अनोळखी हातात नातू द्यायची न्हाई मी," आत्याबाई म्हनल्या. "पाथर्डीच्या आपल्या डॉक्टरांच्या हाताला गुण हाय. माझ्या अजिनाथला ल्हानपनी त्यांनीच वाचवलं."

मी लई तोंड वाजवलं. आमचे मालक खाली बघत बसले, आईपुढं ते कधी बोललेत? आत्याबाईंनी ओमला पदराखाली घेतलं आन् निघाल्या स्टँडकडं. मीबी मागं पळाले.

पाथर्डीला दवाखान्याचं शटर खाली. आत्याबाई पोराला घेऊन पायरीवर बसल्या. मी पलीकडं मेडिकलात विचारलं.

"ते दिवाळीतच गेले," मेडिकलवाला म्हनला. "आता देवळाली प्रवरेला असतात, बाजारपेठेत."

मी पायरीकडं पळत आले. आत्याबाईंना म्हनलं, डॉक्टर परगावी गेलेत, नगरला नेऊ. जीप मिळाली. करंजी घाटात ओमचं पोट उडायचं थांबलं.

"उतार पडला गं," आत्याबाई म्हनल्या. "झोपलं लेकरू."

मला कळलं हुतं. मी आई हाय.

दिवस घातले आन् परत कोयता हातात घेतला. त्या म्हातारीचा मला लई राग येतो, अजूनबी येतो. एक दिवस बाजारपेठेतल्या त्या डॉक्टरांच्या बोर्डाखाली उभं करून समदं सांगायचं, हे मी ठरवलंच हुतं.

परवा बाजाराला गेलो. पिशवी घेऊन आत्याबाई दमल्या आन् नेमक्या त्याच दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. वर बोर्डावर आपल्या डॉक्टरांचं नाव. त्यांना वाचता येत न्हाई. आत कुनाचं तरी लेकरू रडत हुतं. त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"ज्योते, त्या दिवशी आपले डॉक्टर गावात असते, तर वाचला असता न्हाई ओम?"

"व्हय," म्हनलं.

"हितं कोन असतं गं?"

मी बोर्डाकडं बघितलं. मग त्यांच्याकडं. निम्म्या झाल्यात त्या ओम गेल्यापासनं.

"कोन नवाच हाय, आत्याबाई. आपल्या ओळखीचा न्हाई."

पिशवी मी घेतली आन् हाताला धरून त्यांना उठवलं.