दोन रंगांचे चेहरे

वस्तादांच्या दुकानात हल्ली दाढी काढायला फारसं कुणी येत नसे. येत ते दाढी कोरून घ्यायला. कॉलेजातली पोरं खुर्चीत ऐसपैस बसायची, मोबाइलमधला फोटो पुढे करायची आणि म्हणायची, "अशी हवी, आजोबा. गालावर बारीक, हनुवटीखाली भरगच्च." वस्ताद गालातल्या गालात हसत कात्री उचलायचे. एकदा न राहवून ते एकाला म्हणाले, "माझ्या तरुणपणी इतकी बारीक कोरली असती, तर तुझ्याबरोबर मलाही आत टाकलं असतं." पोरगा म्हणाला, "का?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा मोबाइलमध्ये शिरला. वस्तादांना राग आला नाही. उलट बरंच वाटलं.

प्रजासत्ताकाचा वर्धापनदिन जवळ आला होता. रस्त्यात खांबाखांबावर झेंडे लावायचं काम चाललं होतं. अशा एका सकाळी दुकानाच्या दारात एक म्हातारी बाई काठी टेकत येऊन उभी राहिली.

"भाऊजी, वेळ आहे का?"

वस्तादांचा हात गिऱ्हाइकाच्या मानेवर थबकला. वहिनी! थोरल्या भावाची बायको. तिने या दुकानाची पायरी चढल्याला एक अख्खी पिढी उलटून गेली होती.

"ह्यांनी अंथरूण धरलंय," वहिनी बाकावर टेकत म्हणाली. "छातीत पाणी झालं होतं. आता उतार आहे, पण उठायचं मनावर घेत नाहीत. दाढी ही एवढी वाढलीय. सुनेला हात लावू देत नाहीत, नर्सला देत नाहीत. मुलाने मशीन आणून दिलं, ते भिरकावून दिलं. काल म्हणाले, बारक्याला बोलाव."

"मला बारक्या म्हणाला?"

"तेवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले."

वस्तादांनी गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकले. "उद्या सकाळी येतो," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांचं कामात लक्ष लागलं नाही. हात सवयीने चालत होते, मन मात्र पार मागे गेलं होतं.

त्यांचा जन्म धर्मपीठाच्या राज्यातला. समुद्रापासून डोंगरापर्यंत सगळा मुलूख महागुरूंचा, आणि महागुरूंचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. काय खायचं, कधी झोपायचं, कुठल्या रंगाचे कपडे घालायचे, सगळं पीठ ठरवायचं. पुरुषाची दाढी ही देवाची ठेव, ती मुठीपेक्षा कमी असता कामा नये, असा कायदा होता. न्हाव्याच्या दुकानात कात्री चाले, पण वस्तरा सापडला तर दुकानाला टाळं आणि मालकाला तुरुंग. पीठाचे शिपाई लाकडी माप घेऊन फिरायचे आणि भर रस्त्यात माणसांच्या हनुवट्या मोजायचे. गल्लीतल्या शिंप्याला बिचाऱ्याला दाढी फुटायचीच नाही. त्याला दर वर्षी पीठाच्या कचेरीत जाऊन देवाची माफी मागावी लागे. "देवाने दिली नाही, आणि माफी मी मागायची," असं तो हळूच म्हणायचा आणि दुकानातली सगळी माणसं खोकल्याची उबळ आल्याचं सोंग करून हसायची.

दुकान तेव्हा वडिलांचं होतं. आई लवकर गेलेली. घरात दोघे भाऊ. दादा वीजघरात कामाला, आणि वस्ताद, तेव्हाचा बारक्या, वडिलांच्या हाताखाली. दादा लहानपणापासून तापट. वीजघरातल्या कामगारांनी संप केला तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे होता. महागुरूंच्या वाड्यातले दिवे विझले आणि शहरभर कुजबुज सुरू झाली की देवाचा दिवासुद्धा माणसांनी कोळसा टाकल्याशिवाय पेटत नाही.

संप चालू असतानाच एका सकाळी दादा दुकानात आला. त्याने दार लोटून घेतलं आणि कनवटीचा वस्तरा काढून बारक्यापुढे ठेवला. बंदरावरच्या कुणा खलाशाकडून मिळवला होता.

"काढ दाढी," तो म्हणाला.

बारक्या मागे सरला. "दादा, मला येत नाही. मी उभ्या जन्मात कुणाची केली नाही."

"मला येते," मागून वडील म्हणाले. दोघेही चमकून वळले. "पीठाचं राज्य इकडे यायच्या आधी माझ्या आज्याने शिकवली होती. पण माझे हात आता कापतात. तू धर, मी सांगतो."

वडील सांगत गेले. कातडी ताण. मनगट नको, बोटं हलव. केसांच्या कलाने जा. घाई करू नकोस. साबणाच्या फेसाबरोबर काळेभोर केस फडक्यावर पडत गेले आणि हळूहळू आतून एक चेहरा बाहेर आला. टॉवेलने तो पुसला आणि बारक्या बघतच राहिला. ती जिवणी, ती मधे किंचित दबलेली हनुवटी... आई होती ती. हुबेहूब आई. वडील स्टुलावर मटकन बसले.

दादाने आरशात पाहिलं, गालावरून हात फिरवला, म्हणाला, "गार लागतंय रे." आणि तसाच, उघड्या चेहऱ्याने, पीठाच्या समोरच्या चौकात जाऊन उभा राहिला.

शिपायांनी त्याला उचलला तो थेट तुरुंगात टाकला. पण चौकात त्याला शेकडो माणसांनी पाहिलं होतं. आभाळ कोसळलं नव्हतं, जमीन दुभंगली नव्हती. दुपारी वीजघरातले दोघे-तिघे मागच्या दाराने दुकानात आले. "आमचीही काढ," म्हणाले. दुसऱ्या दिवशी बंदरावरचे आले, मग रेल्वेतले. मग एक दिवस पीठाचाच एक शिपाई आला, लाकडी माप दाराबाहेर ठेवून. एवढ्या माणसांना पुरेल इतका मोठा तुरुंग पीठाकडे नव्हता. पाऊस सुरू व्हायच्या आत फौजेने गोळी झाडायला नकार दिला, महागुरू एका जहाजात बसून निघून गेले, आणि दादाला लोकांनी तुरुंगातून खांद्यावर बसवून आणलं.

वस्तादांना त्या सगळ्यात आठवायचा तो उन्हाळा. जिकडे तिकडे दोन रंगांचे चेहरे! कपाळ नि नाक उन्हाने रापलेलं आणि त्याखाली गाल, हनुवटी पांढरीफटक, जणू दोन माणसं जोडून एक केलेली. माणसं एकमेकांकडे बोट दाखवून हसत. तान्ही पोरं बापाला बघून भोकाड पसरत. एका बाईने नवऱ्याला दारातच अडवलं आणि "कोण पाहिजे?" विचारलं. कुणाच्या गालावर जुना व्रण निघाला, कुणाला खळी निघाली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला खळी निघाली, आणि ती बघायला त्याची बायको शेजारणींना बोलावून घेऊन आली. दुकानापुढे गल्लीच्या टोकापर्यंत रांग असायची. रांगेत लोक गाणी म्हणायचे, वाद घालायचे, नव्या राज्यात शाळा कशा असाव्यात यावर तावातावाने बोलायचे. शिंपी रोज येऊन खुर्चीत बसायचा. "काढण्यासारखं काही नाही, पण फेस तरी लाव," म्हणायचा. इतकी माणसं इतक्या मोठ्याने हसताना वस्तादांनी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

मग दादा नगरप्रमुख झाला. आणि कुठल्या वळणावर काय बिनसलं ते बारक्याला कळलंच नाही. एक दिवस हुकूम निघाला. जो अजून दाढी ठेवतो तो पीठाचा माणूस, तो प्रजासत्ताकाचा वैरी. जुन्या धर्मगुरूंना चौकात आणून लोकांसमोर त्यांच्या दाढ्या काढायच्या.

"वस्तरा तू धरायचास," दादा म्हणाला. "सुरुवात तुझ्या हाताने झाली, शेवटही तुझ्याच हाताने होऊ दे. शोभून दिसेल."

बारक्या गेला. त्या दिवसांत दादाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. चौकात खुर्ची मांडली होती, आणि त्या खुर्चीत पहिले आणून बसवले होते ते गुरुजी. गल्लीतल्या प्रार्थनाघराचे म्हातारे गुरुजी, ज्यांनी दोघा भावांना पाटीवर हात धरून अक्षरं शिकवली होती. त्यांचे डोळे अधू झाले होते. फडकं गळ्याभोवती आलं तसं त्यांनी चाचपून हात धरला.

"बारक्या ना तू?"

"हो गुरुजी." मग, रोजच्या सवयीने म्हणा की आणखी कशाने, त्याने विचारलं, "काढू का?"

"नको रे," गुरुजी म्हणाले.

बारक्याने वस्तरा मिटला आणि गळ्याभोवतीचं फडकं सोडलं.

"काय झालं?" मंचावरून दादा ओरडला.

"गिऱ्हाईक नको म्हणतंय."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. दादाचा चेहरा लालबुंद झाला. दुसऱ्या कुणीतरी वस्तरा हिसकावला आणि काम केलं, वेडंवाकडं, रक्त काढत. बारक्या गुरुजींचा हात धरून त्यांना घरी घेऊन गेला, जखमांना तुरटी लावली. दाढी पुन्हा वाढली, काही वर्षांनी तो हुकूम गेला, दादाचं पदही गेलं. गुरुजी स्वतःच्या अंथरुणात, पांढऱ्या दाढीनिशी गेले. भावाभावांतला अबोला मात्र राहिला. वडील गेले तेव्हाही दोघे शेजारी उभे राहिले, पण बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वस्ताद सामानाची पेटी घेऊन दादाकडे गेले. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीशी पलंग, औषधांचा वास. उशीवर दादाचं डोकं केवढंसं दिसत होतं. वस्तादांनी पाणी गरम करून आणलं, टॉवेल पिळला, दादाच्या तोंडावर ठेवला.

टॉवेलखालून आवाज आला. "तू माझी भर चौकात फजिती केलीस."

"केली."

"मला फार राग होता."

"माहितेय."

"का होता ते आठवतं अजून. पण आता मुद्दाम आणायला गेलो तरी येत नाही."

वस्तादांनी टॉवेल उचलला. दादाचे डोळे ओले होते, वाफेने असतील. फेस लावता लावता वस्ताद म्हणाले, "शिंप्याची नात परवा आली होती, मुलाला घेऊन. त्या मुलाला ही एवढी दाढी!"

दादा आधी नुसता बघत राहिला. मग त्याच्या पोटातून हसू फुटलं, फेस उडाला, खोकल्याची ढास लागली. वहिनी घाबरून धावत आली, तर दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून हसत होते. दाढी व्हायला दुपार झाली, कारण दर दोन हात फिरले की कुणाला तरी काहीतरी आठवायचं.

वर्धापनदिनाला दादा खिडकीत बसून मिरवणूक बघण्याइतका सावरला, आणि महिन्याभरात जिना उतरू लागला. मग रोज दुपारी तो दुकानाच्या बाकावर येऊन बसे. पेपर वाचे, सरकारला शिव्या घाली, आणि पोरांशी वाद घालून त्यांना भंडावून सोडी.

"हे कोण?" एकाने वस्तादांना हळूच विचारलं.

"थोरला भाऊ. तू मान हलवू नकोस."

थंडी पडली तशी वहिनी दोघांसाठी एकच मोठा डबा पाठवू लागली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघे आरशाखालच्या फळीवर तो उघडत, आणि आधी कुणी घ्यायचं यावरून भांडत जेवत.