मंगळवारची ऊब

दोन हजार सातच्या डिसेंबरात पार्सिपनीतल्या त्या जुन्या घराचा, घर तापवणारा फर्नेस कायमचा बंद पडला, आणि शैलेंद्रने मोठ्या हौसेने दिवाणखान्यात पेलेट स्टोव्ह बसवून घेतला. भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या वरच्या टाकीत ओतल्या, की त्या आपोआप थोड्याथोड्या आगीत पडत राहत आणि घर दिवसभर उबदार राही. शैलेंद्र लवकर निघे, त्यामुळे सकाळी टाकी भरण्याचं काम त्याच्या बायकोकडे, पद्मिनीकडे आलं. संध्याकाळी सहाला ती ऑफिसातून परते तेव्हा टाकी तळाला गेलेली असे.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी ती काठोकाठ भरलेली होती.

दोन दिवसांनी पुन्हा तसंच. काचेवरची काजळी पुसलेली, राखेचा ट्रे रिकामा, आणि गॅरेजमध्ये गोळ्यांची रिकामी पिशवी कात्रीने सरळ कापून, नीट चौघडी घालून ठेवलेली. शैलेंद्र पिशव्या ओरबाडून फाडत असे. त्या घडीकडे पाहताना पद्मिनीच्या मनात पहिल्यांदाच दुसऱ्या बाईचा विचार आला, आणि मग तो जाईना.

"दुपारी घरी आला होतास का रे?"

"मी? नाही गं. रिलीज आहे, लंचलासुद्धा उठलो नाही," तो लॅपटॉपवरून नजर न उचलता म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी ती कुणाला न सांगता भर दुपारी घरी आली. सकाळी दोघं गेल्यावर पडलेल्या बर्फावर ना टायरची खूण होती, ना पावलांची. टाकी भरलेली होती, आणि डायनिंग टेबलाची एक खुर्ची आगीसमोर ओढून ठेवलेली होती.

शैलेंद्र घरी येताच तिने विचारलं, "इथे कोण येतं?"

तो म्हणाला, "पद्मिनी, तुझा जॉब गेलाय का? सांग ना, मी रागावणार नाही. मंगळवारी मी लॅपटॉपचा चार्जर न्यायला आलो होतो. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो नव्हतो, मंगळवारच्या आधी एकदाही आलो नव्हतो. तू इथे बसली होतीस, पाठमोरी. वळलीसुद्धा नाहीस. नुसतं म्हणालीस, दार लाव, ऊब जाते. मी तसाच परत गेलो."

मंगळवारी दिवसभर पद्मिनी नूअर्कच्या ऑफिसात, नऊ माणसांबरोबर मीटिंगमध्ये होती. ते सांगायला तिने तोंड उघडलं. पण तो ज्या नजरेने तिच्या उत्तराची वाट पाहत होता, ती नजर तिला सोसेना.

"हो," ती म्हणाली, "मीच होते. बरं वाटत नव्हतं."

शैलेंद्रने डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला आणि कित्येक दिवसांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

सोमवारी सकाळी पद्मिनी निघाली तेव्हा टाकीच्या तळाशी मूठभर गोळ्या उरल्या होत्या. तिने गोळ्या न ओतता झाकण तसंच लावलं, आणि बाहेर पडून दार अगदी हळू ओढून घेतलं.