चंद्रीला सांगितलेलं गाऱ्हाणं

मुक्ता नांदायला आली तेव्हा देवळाली प्रवऱ्याच्या त्या घरात नवरा-बायकोनं थोरांसमोर एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. सासरा आणि सून तर बोलतच नसत. पण संसार म्हटला की बोलणं आलंच, आणि त्यासाठी गोठ्यात चंद्री नावाची म्हैस होती. तिचा नवरा रंगनाथ सकाळी धार काढायला बसला की मुक्ता शेण भरता भरता म्हणायची, "चंद्रे, चहाची पूड संपली बरं का." म्हशीच्या पलीकडून रंगनाथचं उत्तर यायचं, "चंद्रे, बाजारच्या दिशी आनू." चंद्री आपली रवंथ करायची. तीन वर्षं असा झकास संसार चालला. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती हसून लोळतात. हसू द्या. मुक्ताबाईला विचाराल तर त्या म्हशीच्या आडून नवरा जेवढं गोड बोलला, तेवढं पुढं समोर बसून कधी बोलला नाही.

एकाहत्तर सालची नागपंचमी मात्र तिला जड गेली. चैत्रात तिचे वडील वारले होते. मुक्ता एकुलती एक लेक, तिकडं कर्जतजवळच्या खेड्यात आई एकटी. पंचमीला लेकीला न्यायला माहेरचा मुराळी येतो, भाऊ नाहीतर बाप, आणि मुक्ताला आता दोन्ही नव्हते. सासूबाई राहीबाई म्हणाल्या, "मुराळी न्हाई तर पाठवायचं कुनासंगं? लोक नावं ठेवतील." मुक्तानं चंद्रीकरवी रंगनाथला चारदा विनवलं, आणि चारही वेळा चंद्रीला एकच उत्तर मिळालं, "बघू."

सण चार दिवसांवर आला तेव्हा मुक्ताचा धीर सुटला. बाहेर भुरभुर चालली होती, गोठ्यात नीट दिसत नव्हतं. म्हशीपलीकडं घोंगडं पांघरून धार काढणं चाललं होतं. तिनं शेणाची पाटी दाणकन आदळली.

"चंद्रे, तुला म्हनून सांगते! यांची बापापुढं दातखीळ बसती. आन त्यो म्हातारा! मिशा बघ केवढ्या, पन सुनंच्या आईचा इचार आला का कधी त्याच्या टकुऱ्यात? माझी आई एकलीच पुरनाची दिंडं करनार आन एकलीच त्यांच्याकडं बघत बसनार. घास तरी उतरंल का तिच्या घशाखाली?"

धारेचा आवाज थांबला. घोंगडं उठून उभं राहिलं. त्यातून आधी मिशा बाहेर आल्या आणि मग सासरे, सहादेव. पाट फुटल्याची हाक आली म्हणून रंगनाथ मघाशीच रानात पळाला होता. हे मुक्ताला सांगणार तरी कोण?

सहादेव चरवी घेऊन घरात गेले. मुक्ता मटकन शेणातच बसली. दिवसभर तिच्या भाकरी करपल्या आणि आमटीत दोनदा मीठ पडलं. पंचमीचं राहू दे, आता आपल्याला कायमचंच माहेरी धाडतात की काय, अशी धास्ती तिनं घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादेव गोठ्याच्या दारात आले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, हातात पिशवी. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"चंद्रे!"

एवढा करडा बाप म्हशीशी बोलतोय हे बघून रंगनाथच्या हातून चरवी कलंडली.

"चंद्रे, तिला सांग. मुराळी न्हाई म्हनत्यात, मंग मी काय मेलो का? लुगडं बदल म्हनावं, नवाची यष्टी हाय."

राहीबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अवं, सासरा कुटं मुराळी असतो का?"

"म्हशीला इचार," सहादेव म्हणाले आणि चालू लागले.

यष्टीत पंचाईत झाली. सासरे पुढं, सून मागं, आणि मधे म्हैस नाही. नगरच्या स्टँडवर त्यांनी केळी घेतली, तिच्या शेजारी बाकावर ठेवली आणि दुसरीकडं तोंड करून उभे राहिले. कर्जतपर्यंत मुक्ताला राहून राहून मिशांबद्दल बोललेलं आठवत होतं आणि लाज वाटत होती.

आईनं दार उघडलं, लेकीला पाहिलं आणि ती उंबऱ्यावरच बसली. मायलेकी गळ्यात पडून रडल्या. सहादेव अंगणात अवघडून उभे होते. "आठ दिसांनी न्यायला येतो," असं त्यांनी दारातल्या लिंबाच्या झाडाला सांगितलं आणि माघारी वळले.

भर उन्हात निघालेली त्यांची ती पाठ मुक्तानं पाहिली. सकाळपासून या माणसानं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. ती धावत वाटेवर गेली. डोक्यावरचा पदर घसरला, तो सावरायचंही भान तिला राहिलं नाही.

"मामा! जेवून जावा."

तीन वर्षांत ती त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द. सहादेव थांबले. मग वळले.

"व्हय गं पोरी," ते सरळ तिच्याकडं बघून म्हणाले, "लई भूक लागलीया."