पांढऱ्या टोपाखालचे केस

मी एक जुना टोप आहे. स्वयंपाकघरातला नव्हे मित्रांनो, नाटकातला. डोक्यावर चढवायचा, पांढऱ्या केसांचा.

टोपवाल्याने जाळीवर एकेक केस ओवून मला घडवले, तेव्हा आमचे नट ऐन तिशीत होते. एका हट्टी म्हाताऱ्याचे नाटक त्यांनीच लिहिले आणि म्हाताराही तेच झाले. प्रयोगाआधी त्यांची बायको, आमच्या वहिनी, मला पिना लावत. आधी कानामागे, मग कपाळावर, शेवटी टाळूवर. दर पिनेला ते आपले पहिले भाषण थोडे थोडे पुटपुटत.

"हलू नका हो, पीन टोचेल!"

"लेखकाला गप्प बसवतेस?"

"लेखकाला नाही, नवऱ्याला!"

टाळ्या पडत. त्या माझ्यासाठीच आहेत, असे मी आपला धरून चालत असे.

वर्षे सरली. वहिनी गेल्या. पिना लेक लावू लागली. नाटकातली लेकही आता तीच होती. तिचे बाबा मात्र भाषणे विसरू लागले.

"आज अडलात तर हा शेवटचा प्रयोग, बाबा," ती एकदा कळवळून म्हणाली.

त्यांनी मला बाजूला सारले. "माझेच पिकलेत की आता. ह्याचं काय काम?"

मला फार लागले. पण रंगभूषाकार मला घेऊन विंगेत उभा राहिला, न जाणो, लागलोच तर म्हणून.

पडदा उघडला. ते खुर्चीत बसले होते. तोंडातून शब्दच फुटेना. लेकीने हळूच वाक्य सुचवले. ते नुसते बघत राहिले. मग ती खुर्चीमागे गेली. "केस किती वाढलेत हो बाबा," ती मोठ्याने म्हणाली. हे वाक्य नाटकात नव्हते. तिने कानामागे बोट दाबले, मग कपाळावर. टाळूवर बोट टेकले मात्र, त्यांचा आवाज खणखणीत उमटला, तो थेट शेवटपर्यंत.

पडदा पडल्यावर ते म्हणाले, "हा प्रसंग लिहायचा राहूनच गेला होता गं. आता लिहितो. पण काम दुसऱ्या कुणाला तरी दे."

"बाबा..."

"अडलो ना मी? ठरलं होतं आपलं. टोप नीट ठेव, करणारा तरुण असेल."

मित्रांनो, आता मी डब्यात असतो. लेक आधी त्यांचे केस विंचरते, मग माझे. जुन्या वस्तू काय, जुनी माणसे काय, नुसती जपून ठेवली तर त्यांना कसर लागते. अधूनमधून त्यांना हात लावत जा.