तीन ताटल्या आणि चिंचोके

"उमेदवार तिघी आणि मत एकच, तर जी बऱ्याच जणींना नको तीच बसेल. युनियनमध्ये पाहिलंय मी," भीमराव सुनेला म्हणाले होते. करुणाने ते हसण्यावारी नेलं. "बाबा, पाळणाघराची बाई निवडतोय, लोकसभा नव्हे."

आणि झालं तसंच. हेंद्रेपाड्यातल्या खोलीत, आनंदनगरच्या कंपन्यांत जाणाऱ्या आयांनी हात वर केले. द्रौपदाबाईंना आठ, रखमाला सहा, बनूबाईला पाच. रखमा आणि बनूबाई दोघी मायाळू, म्हणून मायाळू बाई हवी असणाऱ्यांची मतं दोघींत वाटली गेली. द्रौपदाबाई कामाला वाघ, पण दुपारी डोळा लागला की उठवता उठत नसत. करुणाने मांडीवरच्या लेकीला घट्ट धरलं. पोरीला ताप चढला की आकडी यायची. तिच्याजवळ कुणीतरी जागं हवं होतं.

"नंबर देऊ या का?" करुणा चाचरत म्हणाली. "पहिलीला तीन गुण, दुसरीला दोन, तिसरीला एक."

"मग मी मुद्दाम बनूला तळाला टाकणार," चांगुणा खिदळली. "आमची रखमा वर यायला नको?"

"त्यापेक्षा सगळ्यात कमी मतांची गाळा आणि परत हात वर करा," भीमराव दारातून बोलले.

"म्हणजे मला गाळा. सरळ बोला की, भाऊ," बनूबाई फुरंगटली.

द्रौपदाबाई निवडून आल्या होत्या. गप्प बसल्या असत्या तर काम त्यांचंच होतं, आणि नवऱ्याच्या माघारी त्यांना त्याची गरजही होती. त्या उठल्या. तिघींच्या नावाने तीन ताटल्या मांडल्या आणि मुलांच्या खेळातला चिंचोक्यांचा डबा पुढे ठेवला.

"माझं नाव निघालं तेव्हा निम्म्या जणी जमिनीकडं बघत होत्या. मला दिसत नाही व्हय? जिच्याकडं पोर ठेवून बिनघोर कामावर जाल, तिच्या ताटलीत एक टाका. दोघी चालत असतील तर दोघींच्यात, तिघी तर तिघींच्यात. आम्ही भिंतीकडं तोंड करून बसतो."

करुणाने दोन ताटल्यांत टाकला. तिसरीपाशी हात थबकला आणि मागे आला.

सगळ्यात जास्त चिंचोके रखमाच्या ताटलीत निघाले, त्याखालोखाल बनूबाईच्या. द्रौपदाबाईंच्यात मघाचे आठच.

"माझ्या आठ जणी पक्क्या हायत," त्या हसल्या. "रखमे, उद्या दार वेळेवर उघड. अन् करुणाच्या पोरीचं अंग तापलं तर मला हाक मार, मी येते."

हातात आलेलं असं आपणहून पुन्हा मोजायला ठेवणारं माणूस करुणाने पाहिलं नव्हतं.

आता ती तिथून लांब, कॅम्प पाचला राहायला गेली आहे. लेकीच्या शाळेमुळे तिला स्वतःला तिकडे जायला जमत नाही. हेंद्रेपाड्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, तसं तुम्हालाही सांगते आहे: द्रौपदाबाई एकट्या असतात, तेवढी दारावर थाप मारून बघा, बऱ्या आहेत ना.